छत्रीवाली सोडून

बाबली माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला धावून जायचा, कुणाच्या मयताला खांदा द्यायला कधी मागे राहिला नाही. फक्त दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नसे, आणि तो दुसरा मालवणातला सुदेश असला तर बाबलीला त्या दिवशी जेवण जात नसे.

चौके ते धामापूर रस्त्यालगतच्या आमच्या गावात पहिला व्हिडिओ कॅमेरा आला तो बाबलीचा, अठ्ठ्याण्णव साली. तेव्हापासून पंचक्रोशीतलं एकही लग्न त्याच्याशिवाय लागलं नाही. नवरीकडचे भटजींच्या आधी बाबलीची तारीख विचारायला येत. तो कॅमेरा खांद्यावर घेऊन पुढे आणि त्याची बायको सुगंधा हॅलोजनचा लाईट उंच धरून मागे, अशी जोडी मांडवात शिरली की पोरंबाळं आपोआप बाजूला होत. सुगंधा कधी कुरकुरली नाही. उन्हाळ्यातल्या मांडवात तो तापलेला लाईट धरून तिच्या हाताला घट्टे पडले होते, आणि बाबली मान न वळवता "वर घे, वर घे" एवढंच म्हणायचा. यातून झालं असं, की बाबलीच्या कपाटभर कॅसेटींमध्ये साऱ्या तालुक्याच्या बायका हसताना, रडताना, फुगडी घालताना आहेत आणि सुगंधा एकीतही नाही. ती कायम लाईटच्या मागे.

सगळं झकास चाललं होतं, तोवर हा सुदेश मुंबईहून आला आणि त्याने मालवणात भरड नाक्यावर काचेच्या दाराचा स्टुडिओ टाकला. त्याच्याकडे नवा डिजिटल कॅमेरा, छताएवढे उंच दिवे, आणि एक नवी टूम. लग्नघरातल्या वडीलधाऱ्यांना तो एकेक करून कॅमेऱ्यासमोर उभं करायचा आणि "दोन शब्द बोला" म्हणायचा. लोकांना ते भलतंच आवडलं. ज्या म्हाताऱ्यांना घरात कुणी विचारत नव्हतं, ते कॅमेऱ्यासमोर पाच-पाच मिनिटं बोलू लागले. "ही काय लग्नाची शूटिंग? ह्यो काय निवडणुकीचो प्रचार?" असं बाबली चौक्याच्या नाक्यावर चहा पिताना म्हणाला. कुणी हसलं नाही. उलट शेजारचा म्हणाला की माझ्या आईचा आवाज त्या फिल्ममुळे तरी घरात राहिला. बाबलीने चहा अर्धा टाकला आणि घरी आला.

त्याच्या नशिबाचे भोग बघा. दोन हजार सहाच्या मे महिन्यात त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, किशोरीचं, लग्न ठरलं. स्थळ म्हापशाचं. आता मुलीच्या बापाने कन्यादानाला बसायचं, तो कॅमेरा कसा धरणार? कुडाळचा एक जण होता, पण त्याच्याकडे त्या दिवशी दुसरं लग्न होतं. शेवटी सुगंधाने परस्पर सुदेशला सुपारी दिली.

"तेका कित्याक सांगलंस?" बाबलीने विचारलं.

"मगे कोणाक सांगू? चेडवाचा लगीन एकदाच होता," सुगंधा म्हणाली, "आणि तेचा काम बरा आसता."

ते शेवटचं वाक्य बाबलीच्या काळजात काट्यासारखं रुतलं. बायकोने जगासमोर नाही, पण घरात, त्याच्याच तोंडावर सुदेशच्या कामाला बरं म्हटलं होतं. आठ वर्षं त्याच्या कामासाठी हात भाजून घेतलेल्या बाईने. लग्नात तो धोतर नेसून, उपरणं घेऊन फिरत होता, पण लक्ष सगळं सुदेश कुठे उभा आहे, कुठून घेतोय, याच्यावर. लग्न पार पडल्यावर त्याने सुदेशला दोन गोष्टी सांगितल्या. एक, शूट केलेलं सगळंच्या सगळं मला कच्चं दे, मी माझ्या हाताने ते कापून-जोडून घेईन. दुसरी, तुझ्याकडचं पुसून टाक. माझ्या घरचं कार्य तू गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचं नाही.

सुदेशने मान हलवली. रीतीप्रमाणे गाणी घातलेली एक डीव्हीडी केली, एक प्रत किशोरीला दिली, एक बाबलीच्या घरी आणून दिली आणि कच्ची फिल्म बाबलीच्याच हार्डडिस्कवर भरून दिली. सुगंधाने ती डीव्हीडी शेजारणींना बोलावून किती वेळा बघितली ते तिलाच ठाऊक. टीव्हीवर सनई वाजली की बाबली चपला घालून काजूच्या बागेत निघून जायचा. त्याने ती फिल्म कधीच बघितली नाही. कच्चीही नाही. ती बघायची म्हणजे सुदेशचं काम बघायचं, आणि ते खरोखरच बरं निघालं तर काय, ही भीती त्याला बघू देत नव्हती.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर सुगंधा गेली. ताप आला काय, ओरोसच्या दवाखान्यात नेली काय, आठवडाभरात सगळं संपलं. माणसं आली, बसली, गेली. बाबली घरात एकटा उरला आणि थोड्या दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की तिचा आवाज आपल्याला नीट आठवत नाही. चेहरा आठवायचा, भिंतीवर फोटो होता. आवाज नाही. कपाटातल्या कॅसेटी त्याने एकेक लावून बघितल्या. कुठे भिंतीवर तिची सावली, कुठे कोपऱ्यात बांगड्यांचा हात. डीव्हीडी लावायचं त्याने धाडस केलं नाही, आणि लावूनही उपयोग नव्हता, कारण किशोरीने तिची प्रत बघून सांगितलं होतं, की दोन शब्द बोलणाऱ्यांत आई नाही, ती दिसते तिथे नुसती गाणीच. सुगंधा बोलताना कुठे असेल तर ती एका ठिकाणी: सुदेशच्या त्या कच्च्या फिल्ममध्ये. त्याने ठरवलं, वर्षश्राद्धाला किशोरी येईल, तेव्हा दोघांनी मिळून बघायचं. तोवर फक्त ते जपायचं.

जपायचं म्हणजे कसं, हा प्रश्न होता. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही तिथे डिस्क काय टिकणार? कॅसेटींना बुरशी आलेली बाबलीने डोळ्यांनी बघितली होती. तशात एकदा नाक्यावर सुदेश भेटला आणि आपणहून सांगू लागला, की तो आता सगळं काम इंटरनेटवरून दूरच्या एका कंपनीकडे ठेवतो. "स्टुडिओ जळलो तरी काम जावचा नाय, बाबलीदादा," तो म्हणाला आणि मोबाईलवर त्या कंपनीचं चिन्ह दाखवलं. लाल छत्री. बाबलीने "बरां, बरां" म्हटलं आणि घरी येईपर्यंत त्याच्या पोटात तीच छत्री टोचत राहिली. हा सुदेश प्रत्येक बाबतीत आधी. कॅमेरा त्याचा आधी डिजिटल, संगणक त्याचा आधी, आता ही आभाळातली पेटीसुद्धा त्याचीच आधी.

नुकतंच गावात फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं होतं. बाबलीने ते घेतलं आणि किशोरीला फोन केला. ती म्हापशाला एका ऑफिसात संगणकावर काम करायची. तिने दोन दिवस माहिती काढून सगळं समजावलं. बारक्या फाइली कुणीही ठेवून घेतं, पण बाबलीची फिल्म अवाढव्य, ती घेणाऱ्या तीनच कंपन्या तिला बऱ्या वाटल्या. एकीचं चिन्ह कुलूप, एकीचं निळा ढग आणि तिसरीचं लाल छत्री.

"छत्री सोड," बाबली म्हणाला.

"अवो बाबा, तीच सगळ्यात बरी आसा. तिचो नियम..."

"ती सुदेशची आसा. माका नको. दोनच सांग."

किशोरीने सुस्कारा टाकला. बापाचा स्वभाव तिला लहानपणापासून माहीत होता. तिने कुलूप आणि ढग यांचं सांगितलं, पण दोन्हींत काहीतरी उणं होतं, काहीतरी अधिक होतं, आणि बाबलीचा निर्णय होईना. चार दिवस तो कुलूप की ढग करत बसला. मग त्याने जे केलं ते आमच्या गावात कुणालाच विचित्र वाटलं नाही. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, बैल घ्यायचा की नाही, हे सगळं जिथे विचारतात तिथे तो गेला. सातेरीच्या देवळात, कौल घ्यायला.

गणपत गुरवाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इंटरनेट त्याने बघितलेलं नव्हतं, पण देवीला काय सांगायचं ते नीट कळल्याशिवाय तो पाकळी लावत नसे.

"पेटयो दोनच आसत?" त्याने विचारलं. "की आणखी खंयची आसा? देवीक सगळा सांगूक व्हया. अर्धा सांगलंस तर ती अर्धाच उत्तर देतली."

 देवीच्या पुढ्यात खोटं बोलायला बाबलीची जीभ वळत नव्हती. पण तिने छत्रीवाली दिली तर? तर सुदेशच्या मागोमाग जावं लागेल, आणि तेही देवीच्या आज्ञेने, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. ही गोष्ट गावभर होईल. सुदेश हसून "मी तुमका आधीच सांगललंय, दादा" म्हणेल. ते हसू बाबलीला तिथे गाभाऱ्यातच दिसलं.

"दोनच," तो म्हणाला.

गणपतने ओल्या पाकळ्या देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "माये सातेरी, आज ह्या तुझा लेकरू तुझ्या दारात उभा आसा. तेच्या घरची लग्नाची फिलम परमुलखातल्या पेटयेत ठेवची आसा. कुलपाची पेटी बरी तर उजवो कौल दी, ढगाची बरी तर डावो दी. कायेक चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि तेच्या मनातली इच्छा पुरी कर."

"व्हय म्हाराजा," देवळात बसलेले तिघे-चौघे म्हणाले.

बराच वेळ दोन्हीकडच्या पाकळ्या हलल्या नाहीत. गणपतने बाबलीकडे एकदा वळून बघितलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. अखेर उजवी पडली. कुलूप.

आणि देवी चुकली असं म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे वीज जाते-येते, आणि कुलपाच्या कंपनीचं एक चांगलं होतं, की वीज आल्यावर फाइल जिथे तुटली तिथून पुढे चढायची. ढगवाली पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बाबलीने फिल्म चढवायला लावली. संगणकावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. शिमगा आला, गेला, आंबे पाडाला आले, तेव्हा कुठे ती पट्टी टोकाला पोहोचली. त्या दिवशी बाबली मुद्दाम मालवणला गेला आणि सुदेशच्या काचेच्या दारासमोरून दोनदा चालत गेला. त्याने काही सांगितलं नाही. नुसता गेला आणि आला, आणि त्याला बरं वाटलं.

मग पावसाळा लागला. आता आमच्याकडचे फोटोवाले पावसाळ्यात काय करतात ते सांगितलं पाहिजे. चार महिने लग्नं नसतात, हवेत एवढी ओल की भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. तेव्हा कॅमेरा, भिंगं, जे जे बुरशी धरेल ते ते फडक्यात गुंडाळून तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात पुरून ठेवायचं. तांदूळ ओल पितो. बाबली पहिल्या वर्षापासून हेच करत आला होता, आणि डबा उघडायचं काम सुगंधाचं असायचं, कारण तिला रोज पेजेला तांदूळ लागत. या खेपेला त्याने कॅमेऱ्याशेजारी हार्डडिस्कही पुरली. वर आभाळात एक प्रत, खाली तांदळात एक. एवढी तजवीज सुदेशनेही केली नसेल, असं त्याच्या मनात आलं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी किशोरी आली. बाबलीने डबा उघडला, डिस्क पुसली, संगणकाला जोडली. डिस्कने आत टक-टक केलं आणि गप्प झाली. पुन्हा जोडली. पुन्हा टक-टक. डिस्कच्या फटीतून तांदळाचा पांढरा भुगा टेबलावर सांडला.

"ऱ्हवांदे," बाबली म्हणाला, "वर आसा."

किशोरीने कुलपाची साइट उघडली. आत काहीच नव्हतं. तिने नियमांचं पान उघडून वाचलं. कुलपाच्या कंपनीचा नियम असा होता, की जोडलेली डिस्क महिनाभर परत जोडली गेली नाही, तर ती तुम्ही टाकून दिली असं समजून ते आपल्याकडची प्रत पुसून टाकत. बाबलीची डिस्क पावसाळाभर तांदळात होती.

"छत्रीवाली पुसणा नाय, बाबा," ती हळू म्हणाली. "तां मी तुमका सांगूक बघी होतंय."

 गुरवाने विचारलं होतं, किशोरीने सांगू पाहिलं होतं, खुद्द सुदेशने नाक्यावर उभं राहून फुकट सांगितलं होतं. तिन्ही वेळा बाबलीने एका माणसाच्या द्वेषापायी कान झाकून घेतले होते, आणि आता सुगंधाचा आवाज या जगात कुठेच नव्हता. त्याने श्राद्धाचं सगळं नीट केलं. कावळ्याला पान ठेवलं, माणसं जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मालवणची एसटी धरली. सुदेशला त्याने स्वतःच ती फिल्म पुसायला लावली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं, की सुदेशने आपलं ऐकलेलं नसावं.

काचेचं दार ढकलून तो आत गेला तेव्हा सुदेश एकटाच होता. बाबलीला बघून तो उभा राहिला.

"येवा दादा. आज हय खंय?"

बाबलीने बसून घेतलं. वाटभर त्याने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "किशोरीच्या लग्नाचा," तो म्हणाला, "तू पुसलंस काय?"

सुदेशचा चेहरा पडला. आपली चोरी पकडली गेली असं त्याला वाटलं. "खरा सांगू, दादा? पुसूक नाय. तुमी नको सांगललास, पण माका मन होवक नाय. मी कोणाक दाखवक नाय, देवाशपथ. छत्रीत ठेवललंय, तेवढाच."

बाबलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी तो जुना हेवाही जागा झाला. याच्याकडे आहे. माझ्या बायकोचा आवाज माझ्याकडे नाही आणि याच्याकडे आहे. दोन्ही एकदमच आलं आणि त्याला ते आवरता येईना. "माका बघूचा आसा," एवढंच तो म्हणाला.

फिल्म खाली उतरायला काही दिवस गेले. सुदेशने निरोप पाठवल्यावर बाबली परत आला. सुदेशने त्याला मोठ्या पडद्यासमोर बसवलं आणि कच्ची फिल्म लावली. मांडव, तोरण, सनई, येणारी माणसं. काम बरं होतं. बाबलीला ते पहिल्या दहा मिनिटांत कळलं. कन्यादान आलं. किशोरीचा हात त्याच्या हातात होता, भटजी मंत्र म्हणत होते, शेजारी सुगंधा पाणी सोडत होती, आणि बाबली बघत होता थेट कॅमेऱ्याकडे, कपाळाला आठ्या घालून. किशोरी रडली तेव्हाही तो कॅमेऱ्याकडेच बघत होता.

"माका इतक्या कित्याक घेतलंस?" त्याने विचारलं.

"फुडे बघा," सुदेश म्हणाला, "वयनीन सकाळीच सांगल्यान, हय परत सांगता."

पुढे मागचं दार होतं, जेवणाची भांडी होती, आणि सुगंधा होती. तिच्या अंगावर हिरवं नऊवारी होतं. सुदेश कॅमेऱ्यामागून तिला दोन शब्द बोलायला सांगत होता आणि ती पदराने तोंड पुसत हसत होती.

"माका काय घेतस? तेंका घे," ती म्हणाली. बाबलीने खुर्चीचे दोन्ही हात धरले. तोच आवाज, थोडा बसका, सकाळपासून बोलून बोलून घोगरा झालेला. "आख्ख्या गावाची लग्नां काढल्यानी, पण तेंची स्वताची एक फिलम नाय. आज तेंका सोडू नको. माझा काय, मी लाईटीच्या मागे बरी. तेंका मी कदी सांगूक नाय, पण..."

तेवढ्यात पडद्यावर एक पाठ आली. उपरणं घेतलेली रुंद पाठ सुगंधा आणि कॅमेरा यांच्यामध्ये येऊन उभी राहिली आणि पडदा सगळा भरून गेला. "सुदेश," त्या पाठीचा आवाज म्हणाला, "तुझो लाईट चुकलो. तोंड काळा येतला. ऱ्हवांदे ता, मांडवात चल."

चित्र तिथेच तुटलं आणि पंगतीचं सुरू झालं.

"ह्येच्या फुडचा?" बाबलीने विचारलं.

"फुडे नाय, दादा. मगे वयनी कॅमेऱ्याफुडे इलीच नाय. मी दोनदा बोलवलंय. म्हणाली, तेंका आवडाचा नाय."

बाबलीने ते परत लावायला सांगितलं. सुदेशने लावलं. पाठ यायच्या आधी बाबलीने हात वर केला आणि सुदेशने चित्र थांबवलं. सुगंधा बोलता बोलता थांबली होती, तोंड किंचित उघडं, आणि तिच्या गालावर, कपाळावर, नाकातल्या मोरणीवर उजेड स्वच्छ पडला होता. 

"लाईट बरोबर होतो रे तुझो," बाबली म्हणाला.